नऊ टक्क्यांचा नवस

आकडा सकाळी सातला यायचा.

उपचार केंद्राच्या आवारातल्या निवासखोलीत दिगंबर चष्मा पुसून, फोन हातात धरून बसायचा आणि अयोध्या त्याच्याकडे पाठ करून वेणी घालायची. त्याचं तोंड बघितलं की आकडा आधीच कळायचा, म्हणून पाठ.

"सहासष्ट," तो म्हणाला. "कालच्याइतकाच. घसरला न्हाई."

"मग आता च्या घ्या. निवलाय."

पण चहाच्या आधी त्यानं आकडा घरच्या ग्रुपवर टाकला. बोरवंडीला राहणाऱ्या धाकट्या भावाला, पुतण्यांना, पुण्याच्या लेकीला. मगच पेल्याला हात लावला. गेले चोवीस दिवस त्याचा हाच नेम होता.

आकडा 'तिथी' नावाच्या यंत्रणेचा. अयोध्याच्या गर्भाशयाच्या तोंडाशी वाढलेल्या गाठीचा तुकडा तपासायला काढला, तेव्हाच तिथं तिळाएवढा एक दाणा बसवला होता. गाठीतल्या पेशी किती मरतात आणि किती नव्यानं फुटतात, हे तो दाणा अखंड मोजायचा. तिथी ते मोजमाप घेई, बाईनं घेतलेले नि चुकवलेले उपचार त्याला जोडी, आणि याच अवस्थेत आलेल्या हजारो बायांशी ताडून पाही. मग सांगे : तुमच्यासारख्या, तुमच्याइतकाच नेम पाळलेल्या शंभर बाया घेतल्या, तर पाच वर्षांनी त्यातल्या इतक्या असतील.

नेम समजायला सोपा होता. आठवड्यातून पाच, असे पंचवीस शेक. किरणांना तिथं सगळे शेकच म्हणत. दर सोमवारी सलाईनमधून औषधाची एक बाटली. शेवटी आतून द्यायचे चार शेक. आणि हे सगळं छप्पन्न दिवसांच्या आत. छप्पन्नच का, ते फरजानानं पहिल्याच दिवशी समजावलं होतं. फरजाना केंद्राची सोबतीण. आलेली बाई मध्येच परत जाऊ नये, हे तिचं काम.

"मावशी, कोळपणी अर्धी टाकून कधी लग्नाला गेलात का?"

"गेले की. आल्यावर रान वळखू येईना."

"तसंच हे. तीन आठवडे शेक बसले की बरंचसं तण मरतं. पण जे उरतं त्याला मोकळं रान मिळतं, ते दुप्पट जोरानं फुटतं. म्हणून चौथ्या-पाचव्या आठवड्यात हात थांबवायचा नाही. आणि पिकाच्या बुडाला बिलगलेलं तण कोळप्याला निघत नाही. तिथं खाली बसून खुरपंच लावावं लागतं. तो आतला शेक. तो घेतल्याशिवाय घरी जायचं नाही."

अयोध्याला दवाखान्यातलं एवढं एकच बोलणं पहिल्या झटक्यात कळलं होतं. यंत्राच्या खोलीत एकटीला निजवून दार लावून घेत, तेव्हा ती मनात ओवी म्हणायची. बरोबर चार ओव्यांत यंत्र थांबे. पहिल्या दिवशी आपसूक जुळलेली तिला अजून आठवत होती :

*पहिला माझा शेक, यंत्र भवताली फिरं*
*माझ्या देहाच्या रानात, तण खोलवर शिरं*

आज अठरावा शेक होता. आणि उद्या घट बसायचे होते.

"जावं लागंल," ती वेणी बांधत म्हणाली.

त्यांच्या घरात थोरल्या सुनेनं घट बसवायचा आणि बसवला की नऊ दिवस वेस ओलांडायची नाही. तिनं उपास धरायचा आणि अखंड दिवा राखायचा. सासूनं अयोध्याच्या हाती देवीचे टाक दिले, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. सव्वीस वर्षांत एकही माळ चुकली नव्हती.

दिगंबर बोटांवर मोजू लागला.

"फरजानाबाई म्हणल्या व्हत्या, एक दिवस चुकला की सरासरी एक कमी. आता माळा नऊ. शनवार-रविवार धरू नये, तरी धरू. सहासष्टातून नऊ गेले. सत्तावन्न." त्यानं मान वर केली. "सत्तावन्न म्हंजी काय कमी हायेत का? मला धाव्वीला त्रेचाळीस व्हते."

"मग? पास झालाव का?"

"झालो की! पस्तीसला पास असतंय."

अयोध्याला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. आणि त्या हसण्यातच जाण्याचं ठरून गेलं.

फरजानाला मात्र हसू आलं नाही. अठरावा शेक झाल्यावर तिनं अयोध्याला बाकावर बसवलं आणि स्वतः समोर उकिडवी बसली.

"काकांना सांगा, हा मार्कांचा कागद नाही. शंभरातल्या सहासष्ट म्हणजे तुम्ही सहासष्ट भाग जगणार, असं नसतं. तुम्ही एकच आहात. एकतर त्या सहासष्टांत, नाहीतर उरलेल्या चौतिसांत."

"त्या चौतीस जणींचे घट कोण बसवतंय गं?"

फरजानानं तारखांचा कागद तिच्यापुढं धरला. मग म्हणाली, "आतल्या शेकाचं यंत्र चार जिल्ह्यांत मिळून हे एकच आहे. तुमच्या चार तारखा लागल्यात. मंगळवारी सकाळी दहाला तुम्ही नेहमीच्या शेकासाठी इथं खाटेवर नसाल, तर तिथी त्या तारखा पुढच्या बाईला देऊन टाकेल. मग तुमचा नंबर सत्तर दिवसांच्या पुढं. माझ्या हातात नाही, डॉक्टरांच्याही नाही."

"देवी हाय."

"आहे ना. मग तिलाच सांगा मंगळवारचं."

गुरुवारी सकाळी बोरवंडीत अयोध्यानं घट मांडला. पत्रावळीवर काळी माती, मातीत सात धान्यं, मधोमध पाण्याचा घट. दिव्याची वात तिनं नेहमीसारखी घरच्या कापसाची, मांडीवर वळून, सव्वा हात केली, नऊही माळा त्या एकाच वातीवर निघाव्यात म्हणून. पिळदार, थोडी पिवळसर. दिवा लागला तशी ती टाकांसमोर पदर पसरून बसली.

या देव्हाऱ्यापुढं आजवर नारळ बोलले गेले होते, खण बोलले गेले होते. अयोध्या जे बोलली, ते कुणी बोललं नव्हतं.

"आई, नऊ माळांचे नऊ टक्के तुला. उरलेले सत्तावन्न माझ्या पदरात राहू दे."

शुक्रवारी सातला आकडा आला. पासष्ट. दिगंबरनं मोठ्यानं वाचला, बरोबर एकच उतरला म्हणून त्याला जरा बरंही वाटलं. शनिवारी त्रेसष्ट. त्यानं वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. रविवारी साठ. या वेळी तो नुसतं "आला" म्हणाला. अयोध्यानं विचारलं नाही. घटातलं धान्य अंकुरलं होतं, फिकट पिवळी टोकं मातीतून वर येत होती. दरवर्षी ती टोकं बघून तिचा जीव सुपाएवढा व्हायचा. यंदा तिला त्यांच्याकडे बघवेना. तिथं रुजत होतं तसं आतही काहीतरी रुजत होतं, आणि तिथंही पाणी तीच घालत होती.

सोमवारी, पाचव्या माळेला, दिगंबर फोन घेऊन गोठ्यात गेला. बराच वेळ आला नाही. मग तिला त्याचा आवाज ऐकू आला.

"एकाला एक म्हणला व्हताव तुमी! च्यार दिसांत नऊ गेले!"

"सरासरी म्हणाले होते, काका." फोनमधला फरजानाचा आवाज थकलेला होता. "मावशींचं तण सरासरीपेक्षा चिवट निघालं. दाणा खोटं सांगत नाही. उद्या दहा वाजता. काका, ऐकताय ना?"

तो आत आला तेव्हा त्याचा चष्मा डोक्यावर होता आणि तो चष्माच शोधत होता.

"चल," तो म्हणाला. "पहाटेची गाडी हाय. चल."

"दिवा कुणापाशी ठेवू?"

"मी ऱ्हातो."

"मग मला कोण नेणार? दोन पावलं चालले की भोवळ येऊलाली. आन् भाग्याला बोलवा म्हनू नका. लेक परघरची झाली, तिचा घट तिच्या घरी हाय." ती दिव्याकडे बघत होती. "नवस बोललेय मी. नऊ माळांचा."

एक नाव दोघांच्याही मनात आलं. ते दोघांनीही घेतलं नाही.

मैना. धाकट्या भावाची बायको, भिंतीपलीकडे राहणारी. मैना नवी नवरी होती, तेव्हा एका नवरात्रात अयोध्या तापानं फणफणली आणि दिवा राखायला मैना बसली. सहाव्या माळेला दिवा विझला. त्याच दिवाळीत सासरे गेले. कुणी काही बोललं नाही, पण पुढं वाटणीच्या वेळी, 'टाक वर्षाआड आमच्याकडं असू द्या' असं मैना म्हणाली, तेव्हा चार माणसांत अयोध्या बोलून गेली : "तुझ्या हातानं दिवा टिकत न्हाई, मैना. मामंजींना इचार." त्या दिवसापासून अकरा वर्षं मैना या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. पण तिच्या नवऱ्याच्या फोनवर रोज सातला आकडा येत होता, आणि तो ती रोज वाचत होती.

दुपारी दारात सावली पडली.

"कोण बोलावलं तुला?" अयोध्या उठलीही नाही.

"सत्तावन्नानं," मैना म्हणाली आणि आत आली. पदर खोचून थेट घटासमोर बसली. "नवस काय बोललीस, अक्का? भावजींनी सांगितलं आमच्याकडं. नऊ टक्के?"

"माझं मी बघीन."

"नारळ घेती देवी. खण घेती. आकडा घेती म्हणून कोण सांगितलं तुला? तिला टक्के कळतात का?"

"देव्हाऱ्यापुढं वाकडं बोलू नकोस."

"देव्हाऱ्यापुढंच बोलते." मैनानं टाकांना हात जोडले. आवाज मात्र बाजारात भांडावं तसाच होता. "आई, ऐक. सहासष्टाचे सत्तावन्न झाले. हिनं नऊ बोलले, तू नऊ घेतलेस. पाचव्या माळेलाच नवस फिटला. आता वर एक बी घेऊ नको. घेतलास तर तुझ्या-माझ्यात भांडण हाय."

दाराशी उभ्या दिगंबरनं तोंडावर उपरणं धरलं. हसतोय की काय करतोय ते कळेना.

अयोध्याच्या डोळ्यांपुढं तो आकडा उभा राहिला. खरंच, नऊ गेले होते. बोललेले सगळे. तिनं हे असं मोजलंच नव्हतं. चार दिवस तिला वाटत होतं, आपण देतोय म्हणून कुणीतरी राखतंय.

"दिवा विझला तर?" ती शेवटी म्हणाली.

"काडीपेटी हाय की घरात."

"हेच! हेच म्हून मी..."

"मग बस हितंच." मैनानं मांडी घातली. "मी बी बसते. बघू कोण आधी इझतंय, तू का दिवा."

मग अयोध्यानं तेलाची बुधली उचलली आणि दोघींच्या मधोमध ठेवली.

"तेल सकाळ-सांज. काजळी चिमटीनं काढायची, फुंकायचं न्हाई. खिडकी लावून घ्यायची, पच्छिमेचा वारा येतोय तितून."

"ठावं हाय."

"ठावं असतं तर..." तिनं बुधली मैनाकडं सरकवली.

मंगळवारी पहाटेच्या गाडीला वेशीपर्यंत दिगंबरनं तिला धरून नेलं. वेशीतून बाहेर पाऊल टाकताना तिनं डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. गाडी आली, दोघं चढून बसले.

दहाला वीस मिनिटं कमी असताना ती खाटेवर होती. फरजानानं तिचा हात घट्ट धरला, मग नाडी बघण्याचं निमित्त केलं. रक्ताचा तपास आला, तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला.

"पाणीसुद्धा घेतलं नाहीत?"

"घोटभर घेत व्हते."

"मावशी, सोमवारचं औषध मूत्रपिंडातून जातं. अंगात पाणी नसेल तर ते मूत्रपिंडच जाळतं. आज देता येणार नाही. दोन दिवस सलाईन, मग बघू." ती सुस्कारली. "उपासाचं मी विचारायला हवं होतं. आम्ही सगळं विचारतो, साखर, दमा, तंबाखू. उपास विचारतच नाही."

डॉक्टरांनी तीन बुडालेले शेक भरून काढायचा बेत आखला. रोज एकच दिला तर सगळं तीन दिवस पुढं जाणार आणि आतल्या शेकाची पहिली तारीख हुकणार. म्हणून दोन दिवस दोन-दोन शेक, मध्ये सहा तासांचं अंतर. चांगल्या पेशी तेवढ्या वेळात सावरतात, तणाला मात्र सावरायला उसंत मिळत नाही. आणि शेवटचा शेक दसऱ्याच्या सुट्टीत. त्यासाठी यंत्र चालवणारे दोघे सुट्टी सोडून यायला तयार झाले.

दार लागलं. यंत्र फिरू लागलं. अयोध्याला ओवी सुचेना. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती : खिडकी लावली असेल का? तिसऱ्या फेरीला कुठं शब्द आले.

*एकोणिसावा शेक, मागं ठेविली मी वात*
*तिच्या आडोशाला, माझ्या जावंचा गं हात*

रोज सकाळी ती दिगंबरला आकड्याच्या आधी विचारायची, "दिवा?" तो भावाला फोन लावायचा. पलीकडून मैनाचा आवाज यायचा, "हाय म्हनावं. मी बी हाय." मग आकडा. सत्तावन्न. सत्तावन्न. अठ्ठावन्न. गुरुवारी औषधाची बाटली लागली. खंडेनवमीला किरणांच्या यंत्राची पूजा झाली, त्याच्या भल्यामोठ्या मानेला झेंडूची माळ घातली गेली. दसऱ्याच्या सकाळी अयोध्या त्याच्याखाली निजली तेव्हा ती माळ बाजूच्या खुंटीला टांगलेली होती. झेंडूचा वास खोलीभर होता. त्या दिवशी तिनं ओवी म्हटली नाही. नुसती वास घेत पडून राहिली.

पंचविसावा शेक झाला. दुपारी ती बोरवंडीत पोचली.

घटातलं धान्य वीतभर वाढलं होतं. नऊ माळा ओळीनं लोंबत होत्या. दिवा जळत होता. मैना बाजूला भिंतीला टेकून बसली होती, डोळे तांबारलेले.

अयोध्या वाकली आणि वाकलेलीच राहिली. दिव्यातली वात पांढरीशुभ्र, सरळ, यंत्रातून निघाल्यासारखी गुळगुळीत होती. दुकानात पुडीत मिळते तसली. तिची पिळाची, पिवळसर वात कुठंच नव्हती.

"काय बघतीस?" मैनानं विचारलं.

"काही न्हाई," अयोध्या म्हणाली. "धान चांगलं आलंय."

त्यानंतरचे एकवीस दिवस तिचे तगमगीत गेले. आतल्या शेकांच्या तारखा राहिल्या होत्या. पहिला झाला, दुसरा झाला. भूल उतरताना पोटात ओढ लागायची आणि डोळ्यांपुढं तीच पांढरी वात यायची. कधी विझला? किती वेळ? तिला कळत होतं की विझला. सासऱ्यांचं आठवायचं. सकाळी सातला ती कान देऊन बसायची, आज घसरणार, आज घसरणार. आकडा साठ. एकसष्ट. बासष्ट. घसरायचं नावच घेईना. तिला त्याचाही राग यायचा. कुठला तरी एक हिशेब चुकत होता, दाण्याचा किंवा तिचा.

पंचावन्नाव्या दिवशी चौथा, शेवटचा. दिगंबर हरभऱ्याच्या पेरणीत अडकला होता, म्हणून सोबत मैना आली. गाडीत तिनं अयोध्याला दोनदा लिंबाचं पाणी पाजलं आणि दोनदा शेजारच्या बाईशी जागेवरून भांडली.

फरजाना हिरवा झगा घेऊन आली. "आज शेवटचं खुरपं, मावशी. आजचा आकडा सांगू?"

"थांब जरा." अयोध्या चाकाच्या खाटेवर निजली होती. तिनं मान वळवली. मैना खाटेचा दांडा धरून उभी होती.

"मैना, दिवा इझला व्हता ना?"

मैनानं दांडा सोडला नाही. तिनं आधी फरजानाकडे बघितलं, मग खाली.

"सातव्या माळेला. दोनदा. खिडकीची कडीच मोडकी हाय तुझी. तुझी वात पार तेलात बुडाली, लागंचना. म्हून दुकानातली आणली."

"सांगितलं न्हाईस."

"सांगितलं असतं तर तू उठून आली असतीस."

फरजाना घड्याळ बघत होती, पण खाट ढकलत नव्हती.

अयोध्यानं डोळे मिटले. सातवी माळ म्हणजे बुधवार. त्या दिवशी दोन शेक झाले होते. सकाळी "दिवा?" विचारलं होतं आणि "हाय म्हनावं" आलं होतं. त्या उत्तराच्या पलीकडे एक बाई ओल्या वातीशी झटत बसली होती. तिच्याच माथी येणारा ठपका पदराखाली झाकून.

"कडी तवापासूनच मोडकी हाय," अयोध्या हळू म्हणाली. "मामंजी गेले त्या वर्षीबी... वाराच आसंल तो."

मैनाचं तोंड वाकडं झालं. तिनं पदर नाकाला लावला.

"अकरा वर्षं लागली व्हय गं तुला, कडी बघायला?"

"आता घरी गेल्यावर बसवून घेते."

"मी बसवलीय. दसऱ्यालाच."

फरजानानं खाट हलवली. दाराशी येऊन थांबली. "मावशी, आकडा राहिला."

"हिला सांग," अयोध्या म्हणाली. "हिला सवय हाय वाचायची."

दार लागलं. आत चार ओव्यांपुरता काळ होता. बाहेर मैना बंद दाराला पाठ लावून उभी राहिली, आणि दोन्ही हातांचा तिनं नकळत आडोसा केला.